हालू नका

४ डिसेंबर

दीप्ती मॅडमनं सांगतलं का रोज लिहून ठेव, बाबा कोणत्या वेळी काय बोलले ते. दीप्ती मॅडम म्हणजे बाबाले बोलणं शिकवाले येते ते. मेडिकलवाल्यानं देलेली मागच्या सालची डायरी पडली होती, तेच घेतली. तारखा खोडून माह्या टाकून राहिलो.

तं लिहितो. आज बाबा बोलले: हालू नका. काल बोलले: हालू नका. परवा: हालू नका. झालं, मॅडम.

कोण वाचणार हाय माहीत नाही, पण सांगून ठेवतो. माहे बाबा म्हणजे प्रेमानंद, कोराडीचे 'प्रेम फोटो'वाले. दिवाळीनंतर लकवा मारला. उजवं अंग गेलं अन् बोलणं गेलं. जिंदगीभर स्टुलावर बसलेल्या माणसाले जे सांगतलं तेवढंच राह्यलं. पाणी पाहिजे, हालू नका. संडासले जायचं, हालू नका. आईले हाक मारायची, हालू नका. मॅडम म्हणते, जे बोलणं बोलून बोलून गुळगुळीत होते ते डोक्यात वेगळ्या खोलीत राह्यते, ते वाचते. आता अजून एक शब्द आला पाहिजे म्हणे. एक आला का त्याच्या मागून दुसरे येतात. त्यायले आवडणाऱ्या गोष्टी दाखवा.

फायदा एकच. बाबानं मले जन्मात "अबे प्रशिक"च्या वर काही म्हणलं नव्हतं. आता मले पण "नका". इज्जत भेटून राहिली.

काल बाबाचे मोठे भाऊ, धोंडबा मोठेबाबा, पाहाले आले, बेसाहून. बाबा त्यायले पाहून म्हणे, हालू नका. मी म्हणलं, "मोठेबाबा, डॉक्टरनं सांगतलं हाय, पेशंट म्हणन तसंच करा लागते, नाही तं बीपी चढते." मोठेबाबा कप तोंडाजवळ धरून उभे. ना पिऊन राहिले ना खाली ठेवून. आई आतून आली ते लाटणं घेऊनच, अन् माह्या पाठीत देलं. बाबाचं अर्धं तोंड हासलं. डावीकडचं.

७ डिसेंबर

आवडणाऱ्या गोष्टी काय काय, आई अन् मी आठवत बसलो.

मटण. बंद हाय.

दसऱ्याले दीक्षाभूमीवर टेबल टाकणं. मागं स्तूप, समोर यवतमाळ-वाशिमहून आलेलं आख्खं खानदान, म्हातारीपासून तान्ह्या लेकरापर्यंत, अन् कॅमेऱ्यामागून बाबा: हालू नका. ते आता पुढच्या दसऱ्याले.

मग आई म्हणे, "तलावावरचे पक्षी."

हे मी विसरलोच होतो. थंडीत काम नसलं का बाबा लग्नाचा कॅमेरा अन् लंबी लेन्स घेऊन तलावाकडं जात. बदकं नाही, काठच्या चिखलात चालणारे पक्षी. काही लंब्या पायाचे, काही मुठीएवढे. फोटो काढत अन् कोणाले दाखवत नसत. मले एकडाव नेलं होतं. मी हुबेहूब टिटवीसारखा ओरडलो तं सगळं आभाळात गेलं. मग नाही नेलं.

"तू काढून आण," आई म्हणे. "पाहून बोलतीन काहीतरी."

"आई, मले पासपोर्ट साइज धड येत नाही. बंटीच्या बसपासवर बकरीचा लागला होता."

"तो तुनं मुद्दाम लावला होता."

"कंडक्टरनं ओळखलं नाही पण."

१० डिसेंबर

बंटी माहा दोस्त, त्याच्या ई-रिक्षात गेलो. तो म्हणे, "पक्षी पाहिजे ना तुले? ते पाय, चिमण्या," अन् पावर हाऊसच्या चिमण्यायकडं बोट. असल्या जोकवर तो सोताच हासते.

कॅमेरा ऑटोवर ठेवून बटण दाबत गेलो. घरी कंप्युटरवर टाकले. चिखल एक नंबर आला. चिखलाचा एक एक खड्डा दिसते. पक्षी सगळे हालले. कोणाले डोकं नाही, कोणी नुसती पांढरी रेघ.

बाबाले दाखवले. बाबानं पाह्यले अन् म्हणे, "हालू नका." रागानं. मान भिंतीकडं केली.

मले आधी वाईट वाटलं, मग लक्षात आलं का हे तं बरोबर बोलले. फोटो हालला, म्हणून हालू नका. म्हणजे बाबा मले शिकवून राहिले. आईले सांगतलं तं तिच्या डोयात पाणी. म्हणे कांदा चिरून राहिली. आज कढी होती. कांदा कशात टाकला माहीत नाही.

१४ डिसेंबर

कॅमेऱ्याच्या वरच्या गोल चकतीवर एस हाय, त्याच्यात शटर आपल्या हाती राह्यते. मोबाइलवर पाहून शिकलो. पाखरू उडून राहिलं तं शटर दोन हजारावर. म्हणजे सेकंदाचे दोन हजार तुकडे करायचे अन् त्यातला एकच घ्यायचा. बारावीत हे असं कोणी सांगतलं असतं तं मी पास झालो असतो. दहावी दोन दमात झाली, बारावी अजून दम घेऊन राहिली.

दोन हजारावर सकाळी काढले तं सगळे काळे. जसं कोणी झाकण उघडलंच नाही. मग आयएसओ वाढवला, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड पकडाची ताकद. उजेड आला पण फोटोभर रवा पडला. शेकाट्या म्हणून एक लंब्या लाल पायाचा पक्षी हाय, बाबाच्या जुन्या कागदावर नाव होतं. तो उपम्यात उभा हाय असा आला.

बाबाले दाखवला. पाहता पाहता मान उशीत गेली. झोप येऊन राहिली होती त्यायले. आजकाल लई झोपतात.

१९ डिसेंबर

पक्षी जवळ येऊ देत नाही हा मोठा लोच्या हाय. लेन्स लंबी म्हणली तरी लग्नातल्या स्टेजपुरती, नवरदेव उडून जात नाही.

मग डोकं लावलं. स्टुडिओत मागं लावाचा पडदा हाय, धबधब्याचा. त्याच्यापुढं आख्ख्या कोराडीच्या नव्या जोड्यायचे हनिमून झाले. तो अंगावर घेतला अन् काठावर पालथा पडलो. बंटी रस्त्यावरून ओरडला, "अबे, तलावाच्या काठावर धबधबा पडून राहिला, पब्लिक येईन."

टिटवीनं मले डोक्यावर फिरून फिरून शिव्या देल्या. मी तिच्याच आवाजात उलट देल्या. ती इतकी चूप झाली का मले वाईट वाटलं.

पण थोड्या वेळानं ते मुठीएवढे पक्षी चालत चालत आले. चोच चिखलात टुकटुकटुकटुक, आईची शिलाई मशीन जशी. माह्या इतक्या जवळ का डोयाचा ठिपका दिसे. खोकला आला होता, गिळला. नाकावर पावर हाऊसची राख बसली होती, पुसली नाही. मी इतका वेळ कुठीच चूप राह्यलो नाही. वर्गात नाही, बुद्धवंदनेत नाही. मनात बाबाचा आवाज येऊन राहिला होता, ग्राहकाले सांगत तसा, गोड. हालू नका.

२३ डिसेंबर

आला. आला फोटो.

ऊन वर आल्यावर गेलो म्हणून रवा नाही. पांढरं पोट जळून जाऊ नये म्हणून उजेड थोडा उणे केला. शेकाट्या उडताना. दोन्ही पाय मागं, पायाच्या बोटावरून पाण्याचा थेंब सुटलेला अन् हवेतच थांबलेला. पंखाचं पीस न् पीस मोजा. बंटीनं पाह्यला तं त्यानं जोक नाही मारला.

बाबाच्या उशाशी बसलो, कॅमेराच समोर धरला. खूप वेळ पाह्यलं त्यायनं. मी मनात म्हणून राहिलो, बोला, आता बोला, कोणताही शब्द चालीन, शिवी चालीन.

"हालू नका," म्हणे. हळू. मग डोये मिटले अन् डाव्या डोयातून पाणी आलं.

मले समजलं नाही. इतका कडक फोटो. एक केसभर हालला नाही. मी म्हणलं, "बाबा, नाही हालला ना. पाहा ना." त्यायनं पाह्यलं नाही. मले राग आला. बाहेर जाऊन शेजारच्या कोंबड्यावर काढला.

आई म्हणे, "अजबबंगल्यात पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यावानी दिसते तो." तिले काय समजते फोटोतलं.

२७ डिसेंबर

चांगली खबर. आई बाबाले घेऊन डॉक्टरकडं गेली होती. डॉक्टर म्हणे, आता आणायची गरज नाही, घरीच ठेवा, जे मागतीन ते खाऊ द्या. गोळ्या पण कमी केल्या. म्हणजे बरे होऊन राहिले. मी आईले म्हणलं, मग मटण करू. आई हाव म्हणली. मले वाटलं होतं रागावन.

केलं. बाबानं नुसता रस घेतला, दोन चमचे, त्यात ठसका लागला. आईनं तोंड पुसलं अन् किती वेळ पुसतच राहिली.

रात्री आई तोंड उघडं टाकून बसल्या बसल्या झोपली, बाबाच्या खाटेले टेकून. मी तिचा फोटो काढला, बाबाले हासवाले. अंधार होता म्हणून शटर पंधरावर आणलं. सकाळी दाखवला तं बाबाचं अर्धं तोंड हासलं.

आई नाही हासली. म्हणे, "तुह्या बाबाले एकडाव तलावावर घेऊन जा."

"बरे झाले का नेऊ ना. घाई कायची?"

"ने म्हणलं ना तुले."

२ जानेवारी

बाबाले नेलं.

बंटीनं रिक्षातली मागची गादी काढून आडवी टाकली. मी अन् तो, दोघांनी उचलून प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवलं. बाबा इतके हलके झाले का बंटी माह्याकडं पाहाले लागला. मी म्हणलं, "काहून पाह्यते बे, मी जिम लावली हाय." तो हासला नाही. त्याले काय झालं होतं आज काय माहीत.

जाता जाता ऊन उतरलं. बाबाच्या अंगावर आईची शाल. समोर पाणी, चिखल, अन् ते शिलाई मशीनवाले, सगळ्या काठानं. बाबा पाहून राहिले होते. मान सरळ राह्यत नव्हती तं मी मागून हात लावून धरली.

मग कुठून काय झालं, कुत्रं आलं असन, सगळं पाखरू एकदम उठलं. शेकडोनं. इकडून तिकडं वळले का पांढरे, तिकडून इकडं वळले का दिसेनासे. बाबानं डावा हात वर केला. लकवा मारल्यापासून इतका वर नव्हता गेला. तोंड उघडं, मान पाखरायच्या मागं मागं फिरून राहिली, पूर्ण अंगानं हालून राहिले होते.

मी बाजूनं दोन पावलं पुढं जाऊन बाबाकडं वळलो, कॅमेरा उचलला अन् दाबलं.

पाह्यला तं सत्यानास. आईच्या फोटोसाठी शटर पंधरावर आणलं होतं, ते तसंच. पाखरं म्हणजे नुसत्या रेघा, जसं कोणी ओल्या रंगावरून हात फिरवला. अन् त्यायच्यामधात बाबा. हाताचे तीन हात झालेले. चेहरा पुसट, एका फोटोत दोन डाव वळलेला.

बाबानं कॅमेरा मागितला, हातानंच. मांडीवर ठेवून देला. म्हणलं, "हा खराब झाला, डिलीट करतो." बटणावर त्यायचा अंगठा होता. मी हटवाले गेलो तं हटला नाही.

"हालू," बाबा म्हणले.

"नका," मी म्हणलं. "माहीत हाय, बाबा. पुढच्या टायमाले नाही हालणार."

बंटी आता हासला. मी पण. बाबाचं तोंड तसंच उघडं राह्यलं, जसं काही बोलणारच हाय. मग मिटलं. रिक्षात घरी येतपर्यंत कॅमेरा त्यायच्या छातीवर होता. अंधारात राखेचा ट्रक मागून येऊन राहिला होता, त्याच्या दिव्यात पाह्यलं, बाबा जागे होते.

३ जानेवारी

आला शब्द. काल रिक्षापर्यंत लिहिता लिहिता बाबाची हाक आली, पुढचं राह्यलं.

काल घरी आल्या आल्या बाबा म्हणले, "दे."

आईच्या हातून तांब्या पडला. तिनं विचारलं, "काय म्हणले?" बाबा पुन्हा, "दे." अन् माह्याकडं पाहून.

मी घरभर नाचलो. आई म्हणे, "दे म्हणले, पाह्यलं का. द्या नाही. घरच्या माणसाले म्हणतात तसं. नका तं गिऱ्हाईकासाठी होतं." आई रडली पण चांगली रडली.

मग काय पाहिजे ते समजेना. पाणी देलं. घेतलं नाही. "दे." उशी देली. चष्मा देला. मोबाइल देला. बाबासाहेबायचा फोटो भिंतीवरून काढून देला, तो छातीशी धरला पण पुन्हा "दे." आई म्हणे, मटण मागत असतीन. मी म्हणलं, काही मागत नाही, नवीन शब्द हाय तं वापरून राहिले, मी पण नवीन शर्ट असाच दोन दिवस काढत नाही. शेवटी आई नुसता हात देऊन बसली. तरी माह्याकडंच पाह्यत. दे. दे.

दीप्ती मॅडमले फोन केला. मॅडम म्हणे, लई छान, लिहून ठेव. मी म्हणलं मॅडम, उद्या पाणी म्हणवून घेतो, परवा प्रशिक म्हणवून.

५ जानेवारी

बाबा सकाळी गेले.

६ जानेवारी

काल लिहिलं त्याच्यापुढं काही सुचलं नाही. आज लिहितो एकच.

अंगणात बाबाले ठेवलं होतं. सगळे जमले, कोणीतरी म्हणलं, "शेवटचा फोटो घ्या गा एक. स्टुडिओवाल्याचं घर हाय." सगळे बाबाच्या आजूबाजूले उभे राह्यले. आई डोक्याशी. मोठेबाबा पायाशी. अन् कॅमेरा माह्याच हातात.

बाबा एकडाव म्हणले होते, मयतीचा फोटो सगळ्यात सोपा, एका माणसाचं टेन्शन नसते.

मी डोयाले कॅमेरा लावला. अन् तोंडातून आपोआप निघालं, हालू नका.

सगळे जागच्या जागी थांबले. रडत होते ते पण. मोठेबाबा डोये पुसत होते, हात तसाच गालावर. कोणी श्वास घेईना. मी दाबलं नाही. मले समजेना का आता हाला म्हणून यायले कोणी सांगाचं. मग आईच उठून आली अन् माह्या हातातून कॅमेरा घेतला.

१२ जानेवारी

उद्या बाबाच्या नावानं पुण्यानुमोदन, मयतीनंतरची वंदना. भंतेजी येणार. समोर ठेवाले फोटो पाहिजे फ्रेम करून.

फोटो नाही. सगळ्या कोराडीचे काढले, सोताचा नाही. अल्बम उघडून पाह्यले, घरच्या हर फोटोत बाबा नाही, कारण बाबा काढून राहिले. एकात त्यायची सावली हाय, आईच्या पायापर्यंत आलेली.

मोठेबाबा म्हणे, "आधार कार्डावरचा मोठा करू." पाह्यला. आधार कार्डावर बाबा वाटतात जसे कोणी पकडून आणले. अंगणातले फोटो मी काढलेच नाही. मग तलावावरचा कंप्युटरवर लावला. तेवढाच होता.

तिघं पाह्यत बसलो. पाखरायच्या रेघा, मधात बाबा, हात वर. चेहरा नीट दिसत नाही. पण तोंड दोन्हीकडून हासून राहिलं हाय. त्या दिवशी मले हे दिसलं नव्हतं. आख्खं तोंड, उजवीकडचं पण. हालल्यानं तसं दिसत असन.

मोठेबाबा म्हणे, "हालला गा हा. लोकं काय म्हणतीन, फोटोवाल्याचाच फोटो हालला. बर्डीच्या बाजारात दुकान हाय, नीट करून देते कंप्युटरवर."

आई कंप्युटरजवळ सरकली. मग तिनं पण म्हणलं, हळू, "खरंच हालला वाटते रे."

मी म्हणलं, "हालू दे, आई."

आईनं माह्याकडं पाह्यलं. "काय म्हणला?"

"हालू दे म्हणलं."

"पुन्हा म्हण."

मी फोटोतल्या बाबाकडं बोट केलं. मोठेबाबा एकदा तिच्याकडं पाहत, एकदा माह्याकडं. त्यायले कोण सांगणार. आईनं कंप्युटरच्या काचेवर हात ठेवला, बाबाच्या त्या तीन हातावर.

तलावावर बाबा "हालू" म्हणले अन् पुढचं मीच बोलून टाकलं. राह्यलेलं "दे" त्यायले घरी आणा लागलं. संध्याकाळभर माह्याकडं पाहून तेच देऊन राहिले होते, अन् मी तांब्या घेऊन उभा होतो.